टाकीची तारीख पाहिलीत?

शिरूर-रांजणगाव पट्ट्यात आणि दौंडकडे सोलापूर रस्त्यावर सीएनजीच्या गाड्या सर्रास धावतात. त्यांच्या टाकीत गॅस २०० बार दाबाने भरतात, म्हणजे कारच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास शंभरपट. गॅस भरताना प्रवाशांना खाली उतरवतात ते याचसाठी. गॅस सिलिंडर नियम, २०१६ नुसार टाकीची चाचणी दर ३ वर्षांनी बंधनकारक आहे, तीही ‘पेसो’ची (पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना, मुख्यालय नागपूर) मान्यता असलेल्या केंद्रातच.

टाकी उतरवून, रिकामी करून आधी गंज आणि पोचे पाहतात. मग पाणी भरून दाब चढवतात. पाणी फारसे दाबले जात नाही, त्यामुळे टाकी फाटलीच तरी गॅससारखा भडका किंवा स्फोट होत नाही. दाबाने पोलाद किंचित फुगते आणि दाब काढल्यावर ते मागे यायला हवे. कायम राहिलेला फुगवटा एकूण फुगवट्याच्या १० टक्क्यांवर गेला, की टाकी बाद.

पुढच्या चाचणीची तारीख गाडीवरच्या कम्प्लायन्स प्लेटवर असते. जुनी गाडी घेताना किलोमीटरच्या आधी ती वाचा. चाचणी न करता नुसती प्लेट बदलून देणाऱ्याच्या वाटेला तर मुळीच जाऊ नका.