शिडी उतरण्यासाठी असते

मुलांच्या खोलीसाठी दोन मजली पलंग घ्यायचं ठरलं, की घरात चर्चा रंगते ती लॅमिनेटच्या रंगाची, खाली ड्रॉवर किती बसतील याची आणि वर कोण झोपणार याची. शिडीचा विषय कुणी काढत नाही. ती पलंगाबरोबर येते, चार बोल्टांवर अडकवली जाते आणि पुढची आठ-दहा वर्षं एक मूल रोज तिच्यावरून चढउतार करतं. मी घरांची अंतर्गत सजावट करते. लहान फ्लॅटमधल्या मुलांच्या खोल्या हा माझा आवडता विषय आणि त्यातही शिडी सगळ्यात आवडती. कुणाकडे बंक बेड दिसला, तर चहा येईपर्यंत मी चप्पल काढून त्या शिडीवर एकदा चढून-उतरून आलेली असते. मेजरटेप पर्समध्ये असतेच. या नादातून एक गोष्ट मला पक्की पटली आहे. शिडी बनवताना चढण्याचा नाही, उतरण्याचा विचार करायला हवा.

चढताना मूल जागं असतं, उत्साहात असतं, त्याचे डोळे पुढच्या पायरीवर असतात. उतरताना सगळंच उलटं. रात्री दोन वाजता बाथरूमला जायला उठलेलं पोर अर्धवट झोपेत असतं. खोलीकडे पाठ करायची, न दिसणारी पायरी पायाने चाचपायची आणि अंगाचा भार तिच्यावर टाकायचा, हे सगळं त्याला अंधारात करायचं असतं. शिडीचं प्रत्येक माप या दहा सेकंदांसाठी काढलं पाहिजे.

आकडेवारी आणि नियम एवढ्यासाठी सांगते, की आपल्याकडे पलंग बनवताना त्यांचा विचार होताना मला फारसा दिसत नाही. ‘पीडियाट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २००८ साली आलेल्या एका अभ्यासानुसार, १९९० ते २००५ या काळात अमेरिकेत बंक बेडमुळे जखमी होऊन दरवर्षी सरासरी ३६ हजारांच्या आसपास मुलं आणि तरुण रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात आले. त्यातले जवळपास तीन चतुर्थांश पडल्यामुळे आले होते आणि निम्मे सहा वर्षांपेक्षा लहान होते. सहा वर्षांखालच्या मुलाला वर झोपवू नये, कठडा गादीच्या वर किमान पाच इंच असावा, कठड्यातली फट साडेतीन इंचांहून कमी असावी, असे तिथले नियम आहेत. फटीचं कारण भयंकर आहे. मोठ्या फटीतून मुलाचं धड निसटतं आणि डोकं अडकतं. आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते. कठडा चार इंची फोमच्या हिशेबाने बसवलेला असतो आणि आजी प्रेमाने वर कापसाची जाड गादी घालते. कठडा तिथेच राहतो आणि मूल त्याच्या वर येतं.

आता शिडीकडे वळते. शिडी उभी की तिरकी, हा पहिला प्रश्न. उभी शिडी जमीन अजिबात खात नाही, म्हणून दहा बाय नऊच्या खोलीत सगळ्यांना तीच हवी असते. पण सरळ उभ्या शिडीवर अंगाचा भार पावलांच्या मागे जातो आणि तो पेलायचं काम हातांवर येतं. सात वर्षांच्या मुलाच्या मनगटांत तेवढा जोर नसतो. शिवाय उतरताना खालची पायरी स्वतःच्याच पोटाआड लपते. तीच शिडी थोडी कलती केली, म्हणजे जमिनीशी साधारण सत्तर-पंचाहत्तर अंशांचा कोन केला, की भार पायांवर येतो आणि खालचं दिसू लागतं. साडेचार फूट उंचीसाठी यात जागा जाते फार तर पावणेदोन फूट. तेवढी द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र कलती शिडी गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर, त्यातही नुकत्याच पुसलेल्या फरशीवर, सरकते. वर ती पलंगाच्या चौकटीला बोल्टने जखडलेलीच हवी आणि खाली दोन्ही पायांना रबरी बुश हवेत. नुसत्या हुकावर टांगलेली शिडी मी ग्राहकाला घेऊ देत नाही.

त्यानंतर पायरी. फॅब्रिकेटर बहुतेक वेळा एक इंची गोल एमएस पाइपाचेच दांडे लावतो, कारण कठड्याचा उरलेला पाइप हाताशी असतो. अनवाणी पायाने त्याच्यावर उभं राहून बघा. सगळा भार तळव्याच्या मधल्या एका रेषेवर येतो आणि पाऊल आपोआप आत सरकतं. तीन-साडेतीन इंच रुंद लाकडी फळी, पुढच्या कडेला गोलाई मारलेली, हा उत्तम उपाय. शिडी कलती असली तरी फळी जमिनीला समांतर हवी. ती शिडीच्या खांबांना काटकोनात बसवली, तर पलंगाच्या बाजूला झुकते आणि पाय घसरतो. दोन पायऱ्यांतलं अंतर नऊ-दहा इंच ठेवावं. जमिनीपासून पहिल्या पायरीपर्यंतचं आणि शेवटच्या पायरीपासून पलंगापर्यंतचं अंतरही तेवढंच हवं. अंधारात मूल डोळ्यांनी नाही, पायांच्या सवयीने उतरतं. एकच पायरी तीन इंच खाली गेली, की ती सवय चुकते.

पुण्याच्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांच्याकडे जाणं हा माझा आनंदाचा भाग. पलंगाची ऑर्डर घेताना ते मुलाला दुकानात आणायला सांगतात. त्याला प्लायच्या तुकड्यावर अनवाणी उभं करतात, कानामागची पेन्सिल काढून पावलाभोवती रेघ मारतात आणि त्या रेघेवरून पायरीची रुंदी ठरवतात. “ताई, गिऱ्हाईक पलंगाचं माप घेऊन येतं, पोराचं माप कुणी आणत नाही,” असं ते मला म्हणाले होते. शिडी तयार झाली, की मुलाला तिच्यावर चढवतात आणि डोळे मिटून उतरायला सांगतात. स्वतः मागे दोन्ही हात पसरून उभे असतात. पोराचा पाय कुठे अडखळला, तिथे खूण करून ती पायरी पुन्हा बसवतात. शिडीची याहून चांगली परीक्षा मी कुठे पाहिलेली नाही.

सगळ्यात धोक्याची जागा मात्र पायऱ्यांवर नसते, ती अगदी वर असते. झोपलेलं मूल उठतं, गादीवर रांगत कडेला येतं, तिथे अंग वळवतं आणि एक पाय खाली सोडतं. त्या वेळी हाताला काय लागतं? बहुतेक पलंगांत चादर लागते, आणि चादर हातात येते. शिडीचे दोन्ही खांब गादीच्या वर फूटभर तरी नेले किंवा कठड्याला पकडीची उभी मूठ लावली, तर ते वळणं निर्धोक होतं. पुण्यातल्या जुन्या वाड्यांत हे जाणणारी माणसं होती. शनिवार, सदाशिव पेठेतल्या वाड्यांचे जिने अरुंद, काळोखे आणि जवळजवळ उभेच. पण त्यांत छतापासून टांगलेला जाड दोर असे, पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेला. ज्या उंबऱ्यावर तोल जातो, नेमका तिथे तो हाताशी येई.

शिडीने जागा वाचवायची कला तशी फार जुनी. तुर्कस्तानात चातालह्युयुक नावाची सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वीची वस्ती सापडली आहे. तिथली घरं एकमेकांना खेटून बांधलेली होती, मध्ये रस्तेच नव्हते. माणसं छतावरून चालत आणि छतातल्या भोकातून शिडीने घरात उतरत. भिंतीच्या गिलाव्यावर त्या शिड्यांच्या तिरक्या खुणा उत्खननात मिळाल्या. आपल्याकडे मुंबईत वरळीच्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. १९२० च्या दशकातल्या या चाळींच्या जागी आता ५०० चौरस फुटांची घरं मिळू लागली आहेत. पण अशा चाळींतल्या खोल्यांत पोटमाळा करून, त्याला लाकडी शिडी लावून कित्येक मुलं वाढली, वरच्या बल्बखाली अभ्यास करून शिकली.

मुलांना वरचाच पलंग का हवा असतो, याचं मूळ मला रेल्वेच्या अप्पर बर्थमध्ये दिसतं. २०२१ मध्ये रेल्वेने एसी थ्री टियर इकॉनॉमी डबा आणला. त्यात ७२ ऐवजी ८३ बर्थ बसवले आणि वरच्या बर्थवर जायची शिडीही नव्याने आखली. प्रवाशांची जागा वाढवायची, तर चढायच्या वाटेचा विचार आधी करावा लागतो, हे तिथे कुणाच्या तरी ध्यानात आलं याचा मला मनापासून आनंद झाला.

शिडीऐवजी जिना करावा का, असं पालक हमखास विचारतात. जागा असेल तर जरूर करावा. जपानमध्ये एदो काळात, म्हणजे १६०३ ते १८६८ या दरम्यान, पायरीगणिक कप्पे असलेली जिन्याची कपाटं वापरात होती. त्यांना ‘हाको-काइदान’ म्हणतात. एकावर एक रचलेल्या लाकडी पेट्यांचा तो जिना, त्यात ड्रॉवर आणि सरकती दारं. आपल्याकडचे सुतार आता तेच अठरा मिलिमीटर प्लायमध्ये करतात. पाच पायऱ्यांचा, सोळा इंच रुंदीचा असा जिना साधारण पाच चौरस फूट जागा घेतो, पण त्या बदल्यात एक अख्खं कपाट मिळतं. गणवेश, क्रिकेटचं किट, हिवाळ्यातली पांघरुणं, सगळं त्यात जातं. ड्रॉवर मात्र बाजूने उघडणारे करा. समोरून उघडणारा ड्रॉवर रात्री उघडा राहिला, की तो उतरणाऱ्या मुलाच्या वाटेतच येतो. पायरीवर चकचकीत लॅमिनेट लावू नका. लावलंच, तर कडेला खरखरीत पट्टी चिकटवा. डाव्या-उजव्या पायासाठी एकाआड एक अर्ध्या पायऱ्यांचे जिनेही हल्ली दिसतात. ते जागा निम्मी घेतात, पण कुठला पाय आधी टाकायचा हे झोपेतल्या मुलाला आठवत नाही. मुलांच्या खोलीत मी ते करत नाही.

परदेशी कॅटलॉगमध्ये न दिसणारा एक धोका आपल्या छताला लटकत असतो. नव्या फ्लॅटमध्ये छत नऊ-साडेनऊ फुटांवर, पंख्याची पाती त्याखाली फूटभर. वरची गादी पाच-सव्वापाच फुटांवर असली, तर बसलेल्या दहा वर्षांच्या मुलाचं डोकं साडेसात फुटांपाशी येतं. शर्ट काढायला त्याने हात वर केले, की बोटं पात्यांच्या टप्प्यात. म्हणून पलंगाची जागा ठरवताना आधी पंख्याचा घेर जमिनीवर खडूने आखून घ्यावा आणि पलंग त्याच्या बराच बाहेर ठेवावा. जमत नसेल, तर छताचा पंखा उतरवून भिंतीवरचा लावावा. माझा आवडता उपाय पलंगच बुटका करण्याचा आहे. खालची गादी जमिनीपासून फूट-सव्वा फुटावर आणली, की वरची साडेचार फुटांवर बसते. खाली मुलं आरामात बसतात आणि शिडीची एक पायरी कमी होते.

घरात रांगतं भावंड असेल, तर दिवसा शिडीच्या खालच्या तीन पायऱ्यांवर सपाट फळी बांधून ठेवावी, म्हणजे त्याला पाय रोवायला जागाच मिळत नाही. पायथ्याशी हालचालीने पेटणारा सेलवरचा छोटा दिवा लावावा.

दिवाळीच्या साफसफाईत पलंग भिंतीपासून ओढला जातोच, तेव्हा बोल्टही बघा. पावसाळ्यात लाकूड फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं, त्यामुळे सांधे याच सुमाराला ढिले झालेले असतात. शिडी दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे जोरात हलवा. कुरकुरली किंवा हलली, तर ॲलन कीने प्रत्येक बोल्ट आवळा. प्लायमध्ये थेट मारलेला स्क्रू वरचेवर आवळला, की भोक मोठं होतं आणि त्याची पकड कायमची जाते. तिथे स्क्रू काढून आरपार बोल्ट घाला, दोन्ही बाजूंनी रुंद वॉशर लावा आणि नायलॉक नट बसवा. हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात हे सगळं मिळतं.