सातासमुद्रापलीकडच्या बाईंना चार प्रश्न

हल्ली कॉलेजातल्या मुलींना परीक्षेइतकीच धास्ती असते ती प्रकल्पाची. २०२० चं नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आल्यापासून संशोधन, क्षेत्रभेट, मुलाखती हे शब्द पदवीच्या वर्गातही रुळू लागले आहेत. बारामतीला काय किंवा इंदापूरला काय, मराठी विषय घेतलेल्या मुली प्रकल्पाचा विषय निवडायला बसल्या की एखादी तरी म्हणतेच, "परदेशात मराठी कशी शिकवतात, यावर केलं तर?"

विषय छानच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हापासून तर त्याला मानही आला आहे. पण लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: परदेशातल्या बाई शोधायच्या कुठं? आणि तिसरा प्रश्न मुली मोठ्याने विचारीत नाहीत, तो चेहऱ्यावरच दिसतो. आपण एस.टी.ने कॉलेजला येणाऱ्या, आपली बोली ही अशी. त्या आपल्याशी कशाला बोलतील?

घरी आईचं म्हणणं वेगळंच. "परक्या माणसांशी फोनवर बोलायचं म्हणजे काय? आणि ते रात्री-अपरात्री?" आईची काळजी काही वेडगळ नाही. म्हणूनच हा लेख मुलींइतकाच त्यांच्या आयांसाठीही आहे. नीट पद्धतीने गेलं तर हे काम वाटतं तेवढं अवघड नाही, आणि त्यातून मुलीच्या हाती जे लागतं ते मार्कांपेक्षा पुष्कळ मोठं असतं.

बाई तीन प्रकारच्या

सर्वांत आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परदेशात मराठी शिकविणारे सगळे एका माळेचे मणी नव्हेत. त्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात, आणि तिघांना विचारायचे प्रश्नही वेगळे.

पहिल्या म्हणजे आपल्याच घरातून गेलेल्या. उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांची शिखर संस्था असलेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली शिकागोला स्थापन झालं. तिथल्या अनेक शहरांत मंडळांच्या मराठी शाळा भरतात, त्या बहुधा शनिवारी नाही तर रविवारी. लंडनचं महाराष्ट्र मंडळ तर १९३२ पासूनचं. अशा शाळांतून शिकविणाऱ्या बहुतेक जणी पेशाने शिक्षिका नसतात. कुणी संगणकाच्या नोकरीत, कुणी घर सांभाळणारी; आठवडाभराचं काम आटोपून सुट्टीच्या दिवशी दोन तास पाटी-पुस्तक घेऊन बसतात. त्यांच्या वर्गातल्या मुलांना आईचं बोलणं समजतं, पण उत्तर इंग्रजीत येतं.

दुसऱ्या मॉरिशसच्या. या बेटाची हकीगत आपल्या उसाच्या मुलखाने जरूर ऐकावी अशी आहे. १८३४ पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर काम करायला हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसंही होती. ज्या घाटावर हे मजूर उतरत, तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. आज त्या मजुरांच्या वंशजांच्या घरात बहुतांशी क्रिओल बोलली जाते. तरीही तिथल्या प्राथमिक शाळांत मराठी हा विषय घेता येतो, आणि मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत पुढचं शिक्षणही मिळतं. ही संस्था १९७० ची. म्हणजे तिथल्या सरकारी शाळेतल्या मराठीच्या बाई रीतसर पगारी शिक्षिका असतात, पण मराठी ही त्यांच्या पणजोबांची भाषा. अमेरिकेतल्या ताईंचं नेमकं उलट!

तिसरे विद्यापीठातले. ज्यांची मातृभाषा मराठी नाही अशांनी मोठेपणी ती शिकून दुसऱ्यांना शिकविली. लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज या संस्थेत इयान रेसाइड मराठी शिकवीत, शिकागो विद्यापीठात फिलिप एंगब्लोम यांनी शिकविली. विद्यापीठातले मराठीचे वर्ग विद्यार्थ्यांच्या संख्येवर चालू-बंद होतात. तेव्हा यंदा वर्ग आहे का, आणि कोण शिकवतं, हे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आधी पाहून घ्यावं. अध्यापकांचा कामाचा ई-मेल बहुधा तिथंच दिलेला असतो.

यांतल्या एका प्रकाराचं उदाहरण तर आपल्या अगदी शेजारचं आहे. बारामतीहून नीरा ओलांडली की फलटण. मूळच्या अमेरिकन असलेल्या मॅक्सीन बर्नसन तिथं आल्या, फलटणच्या बोलीवरच त्यांनी डॉक्टरेट केली, आणि जाई निंबकर यांच्या जोडीने परक्यांना मराठी शिकविण्यासाठी पुस्तकं लिहिली. त्यांनी दोघींनी मिळून केलेलं मराठीचं संदर्भ-व्याकरण १९७५ चं. फलटणचं कमला निंबकर बालभवनही बर्नसनबाईंच्याच कामातून उभं राहिलं. तेव्हा परदेशातून आलेल्या बाईंनी आपल्याकडच्या बायाबापड्यांना प्रश्न विचारले. आता आपल्या मुली तिकडच्यांना विचारणार. यात बुजण्यासारखं काय आहे?

ओळखीचं दार

शोध सुरू करायचा तो मात्र घराच्या उंबऱ्यापासून. बारामती-इंदापूरकडच्या पुष्कळ कुटुंबांत कुणी ना कुणी परदेशी आहे. मावसभाऊ, चुलत जाऊ, शेजारच्या काकूंची सून. त्यांच्या गावात मराठी शाळा भरते का, एवढंच विचारावं. "तुम्हीच मुलाखत द्या" असं म्हणू नये, "शिकविणाऱ्या कुणाचं नाव सांगाल का?" असं म्हणावं. याने नातेवाइकांवर भार पडत नाही आणि काम पुढे सरकतं. कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाकडेही अशा ओळखी सापडतात.

त्यानंतर मंडळांची संकेतस्थळं. बहुतेकांवर मराठी शाळेचं वेगळं पान असतं आणि संपर्काचा पत्ता असतो. पत्र शाळेच्या पत्त्यावरच लिहावं. कुणाचा खासगी नंबर कुठून तरी मिळवून थेट फोन लावणं बरं नव्हे. आपल्या घरी असा फोन आला तर आपल्याला तरी आवडेल का?

एक मुलाखत पार पडली की शेवटी विचारायचं, "आणखी कुणाशी बोलावं असं तुम्हाला वाटतं?" एकीने दुसरीचं नाव दिलं की पुढचं दार आपोआप उघडतं. मात्र सगळ्याच जणी एकमेकींच्या मैत्रिणी निघाल्या तर सगळ्यांची उत्तरंही सारखीच यायची. म्हणून पाच मुलाखती करायच्या असतील तर निदान दोन वेगळ्या वाटेने मिळवाव्यात.

पत्र कसं लिहावं

मराठीच्या बाईंना पत्र लिहिताना मुली मोडकंतोडकं इंग्रजी लिहायला बसतात, याचं मला नेहमी नवल वाटतं. ज्या मराठी शिकवतात त्यांना मराठीतच लिहावं. मॉरिशसच्या बाईंनाही मराठीच लिहावं. फक्त वाक्यं छोटी ठेवावीत. नमुन्यादाखल एक मजकूर देते:

"सप्रेम नमस्कार. मी …… महाविद्यालयात मराठी विषय घेऊन तिसऱ्या वर्षाला शिकते. परदेशात वाढणाऱ्या मुलांना 'आम्ही' आणि 'आपण' यांतील फरक कसा शिकविला जातो, यावर मी लहानसा अभ्यास करीत आहे. आपले नाव मला …… यांनी सुचविले. आपण चाळीस मिनिटे बोलू शकलात तर मला फार मदत होईल. प्रश्न आधी पाठवीन. आपली परवानगी असेल तरच बोलणे ध्वनिमुद्रित करीन. आपले नाव लिहायचे की नाही, हे आपण ठरवावे. माझ्या मार्गदर्शक प्राध्यापकांचे नाव व पत्ता खाली देत आहे. जमणार नसेल तर तसे कळवावे, ही विनंती."

नावामागे 'सौ.' लावू नये. आपल्याला काय माहीत? नुसतं 'मा.' पुरे. पत्राची प्रत मार्गदर्शक बाईंना पाठवावी. त्याने समोरच्या व्यक्तीला भरवसा वाटतो आणि आपली मुलगी कुणाशी काय बोलते आहे हे एका मोठ्या माणसाला ठाऊक राहतं. आईच्या काळजीवरही हाच उपाय आहे. उत्तर आलं नाही तर दहा दिवसांनी एकदा आठवण करावी. तरीही काही आलं नाही तर राग न धरता दुसरं नाव घ्यावं.

घड्याळ आणि भाकरी

यापुढचा घोळ वेळेचा. मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे. तिथल्या बाई पाच वाजता शाळेतून येऊन टेकल्या की आपल्याकडे साडेसहा झालेले असतात. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे. न्यू जर्सी हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे. म्हणजे आपल्या पहाटे सहाला तिथं आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात किंवा साडेआठ. अमेरिकेत घड्याळाचे काटे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. त्यामुळे वेळ ठरवताना "तुमचे इतके, आमचे इतके" असं दोन्हीकडचं लिहावं. वारही लिहावा, नाहीतर एक जण शनिवारी फोन घेऊन बसतो आणि दुसरा रविवारी.

आता पाहा, सकाळचे सहा म्हणजे आपल्या घरात पाणी भरण्याची आणि डब्याची वेळ. संध्याकाळचे साडेसात म्हणजे चूल आणि भाकरी. मुलगा अभ्यासाला बसला की त्याला कुणी हाक मारीत नाही. मुलीला मात्र मधेच "जरा दूध बघ गं" असतंच. आयांनो, वर्षातून चार-पाच वेळा, एकेक तास तिचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या. तिच्या भावाकडे दिलं तर आणखी उत्तम! फोनची रेंज गच्चीवर चांगली येत असेल तर तिथं खुर्ची टाकून द्या, आणि फोन आदल्या रात्री चार्ज करून ठेवायला सांगा. सकाळी वीज असेलच असं नाही.

काय विचारावं

"मुलांना मराठी शिकविताना अडचणी येतात का?" असं विचारलं तर उत्तर येतं, "हो, येतात." आणि बोलणं तिथंच संपतं. त्याऐवजी म्हणावं, "मागच्या रविवारी वर्गात काय काय झालं, पहिल्यापासून सांगा." मग त्या रंगून सांगू लागतात.

प्रश्न थोडे आणि नेमके असावेत. वर 'आम्ही' आणि 'आपण'चा उल्लेख केला तो उगीच नाही. "आम्ही जेवलो" म्हटलं की ऐकणारा पंगतीबाहेर राहतो. "आपण जेवलो" म्हटलं की तोही पंगतीत येतो. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. ज्या मुलाच्या डोक्यात इंग्रजी आहे त्याला हा फरक कसा समजावायचा? किंवा 'तू' आणि 'तुम्ही' कुणाला म्हणायचं? 'ळ'चा उच्चार कसा घटवून घ्यायचा? यांतला एकच धागा धरला तरी प्रकल्प भरीव होतो. 'परदेशातील मराठीची स्थिती' असा हत्ती मात्र अंगावर घेऊ नये.

इंदापूर तालुक्यातल्या एका मुलीने हे काम केलं, तेव्हा तिला आपल्या बोलीची फार लाज वाटत होती. बोलता बोलता तिच्या तोंडून 'कोरड्यास' आणि 'माळवं' हे शब्द निसटले. पलीकडच्या ताईंनी तिला थांबवलं, ते शब्द परत म्हणायला लावले आणि लिहून घेतले. त्यांच्या आजीच्या तोंडचे होते म्हणे! पुढच्या रविवारी वर्गात मुलांना सांगणार होत्या. पोरीचा आवाज त्यानंतर बदलला तो बदललाच.

काय जपावं

ध्वनिमुद्रण सुरू करण्याआधी पुन्हा एकदा विचारावं. वर्गातल्या लहान मुलांची नावं अहवालात लिहू नयेत. बाईंनी "हे लिहू नका" म्हटलं की ते वहीतही ठेवू नये. आपल्या बाजूनेही सावध असावं: मुलाखतीसाठी कुणाला पैसे पाठवायचे नाहीत, घरचा पत्ता द्यायचा नाही, आणि बोलणं विषय सोडून भलतीकडे जाऊ लागलं तर सरळ आभार मानून थांबवायचं. लिहून झालेला मजकूर बाईंना वाचायला पाठवावा. आणि चार जणींशी बोलून "परदेशातील सर्व शिक्षकांचे मत असे आहे" असं लिहू नये. "मी बोललेल्या चौघींपैकी तिघींनी असे सांगितले" हे वाक्य दिसायला साधं, पण खरं असतं.

या मुलाखती वाचताना एक गोष्ट मनाला चाटून जाते. "मुलांना समजतं, पण ती उत्तर इंग्रजीत देतात," हे न्यू जर्सीच्या ताईंचं गाऱ्हाणं आता आपल्याकडच्या इंग्रजी माध्यमाच्या घरांतूनही ऐकू येतं. आपला नातू 'एकोणसत्तर' म्हटल्यावर गोंधळतो आणि 'सिक्स्टी नाइन' म्हटल्यावर हसतो, हे बारामतीच्या आजीही सांगतील. त्या ताईंनी दर रविवारी दोन तास घालवून जे उपाय शोधले आहेत, गोष्टी सांगणं, बाजाराचा खेळ खेळणं, आजीला मराठीत पत्र लिहायला लावणं, ते आपल्याही घरी चालण्यासारखे आहेत. मुलीच्या प्रकल्पाची वही तेवढ्यासाठी तरी घरातल्यांनी उघडून पाहावी.

अहवाल पुरा झाला की त्याची एक प्रत प्रत्येक बाईंना पाठवायची, आणि दिवाळीला दोन ओळी लिहायच्या. पुष्कळ विद्यार्थी काम झालं की गप्प बसतात, आणि त्या बाई पुढच्या वेळी नको म्हणतात. पुढल्या वर्षी आपल्याच कॉलेजातली दुसरी कुणी त्यांना पत्र लिहिणार आहे. तिला "या, बोलू" असं उत्तर यावं, एवढी सोय करून ठेवणं आपल्या हातात आहे.