पदवीधरांची हरकत ऐकायची कोणी?

हरियाणात सोनिपतजवळ २०१४ साली सुरू झालेलं अशोका विद्यापीठ शंभराहून अधिक देणगीदारांच्या पैशावर उभं आहे. इतिहास शिकणाऱ्याने गणितही शिकावं, संगणकशास्त्र शिकणाऱ्याने तत्त्वज्ञान वाचावं आणि कुठल्याही प्रस्थापित मताला प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी, असं या उदारमतवादी शिक्षणाचं रूप सांगितलं जातं. गेल्या दहा वर्षांत या विद्यापीठात एकामागून एक वाद झाले आणि जवळजवळ प्रत्येक वादात विद्यार्थ्यांनी, माजी विद्यार्थ्यांनी निवेदनं काढली, सह्या केल्या, पत्रं लिहिली. या मतांकडे बहुतेकदा तरुणपणाचा उत्साह म्हणून, नाहीतर संस्थेला अडचणीत आणणारा गोंगाट म्हणून पाहिलं जातं. दोन्ही नजरा चुकीच्या आहेत असं मला वाटतं. मुलं बोलतात यात काही बिघडलेलं नाही. त्यांचं म्हणणं ऐकून त्याला कारणांसह उत्तर देण्याचं बंधन कुणावर नाही, इथे खरं बिघडलं आहे.

पहिली ठिणगी २०१६ ची. काश्मीरमधल्या हिंसाचाराबद्दल आजी-माजी विद्यार्थ्यांनी आणि काही अध्यापक-कर्मचाऱ्यांनी एका निवेदनावर सह्या केल्या. विद्यापीठाने हात झटकले आणि पुढे सही करणाऱ्यांपैकी दोन प्रशासकीय कर्मचारी व एक अध्यापक संस्थेतून बाहेर पडले. मार्च २०२१ मध्ये राज्यशास्त्राचे अभ्यासक आणि तिथले प्राध्यापक प्रताप भानू मेहता यांनी राजीनामा दिला. आपलं तिथे असणं संस्थेला राजकीयदृष्ट्या जड जाईल, हे संस्थापकांशी बोलल्यावर आपल्याला कळलं, असं त्यांनी पत्रात लिहिलं. दोनच दिवसांत तिथेच शिकवणारे अर्थतज्ज्ञ अरविंद सुब्रमण्यन हेही गेले. विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला, माजी विद्यार्थ्यांनी पत्रं पाठवली, परदेशातल्या दीडशेहून अधिक प्राध्यापकांनी निषेध नोंदवला. त्यानंतर विद्यापीठ, मेहता आणि सुब्रमण्यन यांचं जे संयुक्त निवेदन निघालं, त्यात संस्थात्मक प्रक्रियेत त्रुटी राहिल्याचं मान्य केलं होतं आणि सर्व संबंधितांशी विचारविनिमय करून त्या दूर करू, असंही म्हटलं होतं. ही कबुली त्या आठवड्यातल्या दबावाशिवाय आली असती असं मानायला जागा नाही. मात्र २०२३ मध्ये अर्थशास्त्राचे अध्यापक सब्यसाची दास यांचा २०१९ च्या लोकसभा निवडणुकीवरचा शोधनिबंध चर्चेत आला, विद्यापीठाने जाहीरपणे त्यापासून अंतर राखलं, दास यांनी राजीनामा दिला, पाठोपाठ त्याच विभागातले पुलाप्रे बालकृष्णन यांनीही दिला. अर्थशास्त्र विभागाला दास यांना परत बोलवा असं खुलं पत्र लिहावं लागलं. जेमतेम अडीच वर्षांत गाडी पुन्हा तिथेच येऊन थांबली होती.

मे २०२५ मध्ये राज्यशास्त्राचे प्राध्यापक अली खान महमूदाबाद यांना समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून अटक झाली आणि तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अंतरिम जामीन दिला. या वेळी एका माजी विद्यार्थ्याच्या पत्राला सहसंस्थापक संजीव बिखचंदानी यांनी दिलेलं उत्तर बाहेर आलं. फेसबुकवरचं राजकीय मत म्हणजे विद्वत्ता नव्हे, चळवळ आणि उदारमतवादी शिक्षण यांची गाठ काही जन्मजात बांधलेली नाही, आणि संस्था चालवण्याचा हा व्याप आता नकोसा होत चालला आहे, असा त्याचा आशय होता. या भूमिकेत तथ्य अजिबात नाही असं म्हणता येणार नाही. खासगी विद्यापीठाला जमीन, परवानग्या, करसवलती, देणग्या या सगळ्यांसाठी सरकारचं तोंड पाहावं लागतं. एका मजकुरामुळे हजारो मुलांचं शिक्षण धोक्यात येईल ही भीती खोटी नाही. शिकागो विद्यापीठाच्या कॅल्व्हन समितीनेही १९६७ मध्ये असं मांडलं होतं, की राजकीय प्रश्नांवर विद्यापीठाने स्वतः बाजू घेऊ नये. पण त्याच समितीने विद्यापीठ हे टीकाकारांचं घर आहे, असंही सांगितलं. तटस्थतेचा आधार घ्यायचा तर पुरता घ्यावा लागेल. प्राध्यापकाचं मत हे विद्यापीठाचं मत नव्हे, एवढं सांगून थांबणं म्हणजे त्या विचाराचा अर्धा भाग उचलणं. ‘मात्र ते मांडण्याचा त्याचा हक्क आम्ही राखू’ हे पुढचं वाक्य म्हणायला धैर्य लागतं, आणि माजी विद्यार्थी नेमकं तेच मागत होते.

दुसरा आक्षेप असा, की मूठभर मुलांचं मत म्हणजे सगळ्यांचं मत नव्हे. हे खरंच आहे. मार्च २०२४ मध्ये काही विद्यार्थ्यांनी विद्यापीठात जातनिहाय गणना व्हावी, आंबेडकर स्मृतिव्याख्यान सुरू व्हावं अशा मागण्या केल्या. आंदोलनातल्या काही घोषणा देशभर पसरल्या, विद्यापीठाने नापसंतीचं निवेदन काढलं आणि चर्चा घोषणांवरच अडकून पडली. कुठल्याही जातीला उद्देशून ‘मुर्दाबाद’ म्हणणं मला पटत नाही, त्याने आपल्याच वर्गातला कुणीतरी दुखावतो. पण भरमसाट शुल्काच्या संस्थेत कुठल्या समाजातली किती मुलं पोहोचतात, हा प्रश्न घोषणेमुळे खोटा ठरत नाही. ठरलेल्या मंचावर हीच मागणी आली असती, तर विरोधातली मुलंही तिथे बोलली असती आणि उत्तर आकड्यांत द्यावं लागलं असतं. मतं विखुरलेली असतात म्हणूनच त्यांना मोजण्याची, तपासण्याची जागा हवी.

आपल्याकडच्या सार्वजनिक विद्यापीठांत अशी जागा आहे. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांना दहा जागा दिल्या आहेत. तिथे अर्थसंकल्पावर बोलता येतं, कुलगुरूंना प्रश्न विचारता येतात. या जागांचंही राजकीय पक्षांनी मैदान केलं आहे. मुंबई विद्यापीठाची ही निवडणूक पुन्हा पुन्हा लांबली, सप्टेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर झाली आणि दहाही जागा युवासेनेच्या ठाकरे गटाने जिंकल्या. लाखो पदवीधरांच्या विद्यापीठात मतदारयादी जेमतेम तेरा हजारांच्या आसपास होती, हे दुखणंही मोठं आहे. तरीही निवडणूक अडवली तेव्हा न्यायालयात जाता आलं, कारण हक्क कायद्यात लिहिलेला होता. खासगी विद्यापीठांत नियामक मंडळ मुख्यतः प्रायोजक संस्थाच नेमते. पुण्या-मुंबईतल्या खासगी विद्यापीठांतही हेच चित्र आहे, आणि तिथे मुलांना धाडणाऱ्या मराठी पालकांपैकी फार थोडे याची चौकशी करतात.

पैसा ज्याचा, निर्णय त्याचा, असं यावर म्हटलं जाईल. पण देणगीदाराचा पैसा एकदा देऊन होतो. पदवीधराच्या नावापुढे मात्र त्या विद्यापीठाचं नाव जन्मभर राहतं, आणि तिथल्या प्राध्यापकांना मोकळेपणी लिहिता येत नाही असं जगाला कळलं, तर किंमत त्या पदवीचीच उतरते. विद्यार्थी तीन-चार वर्षांत जातात, म्हणून २०२१ मध्ये काय कबूल केलं होतं हे २०२५ च्या पहिल्या वर्षाच्या मुलाला ठाऊक नसतं. माजी विद्यार्थ्यांना ते ठाऊक असतं. अशा विद्यापीठांनी नियामक मंडळात माजी विद्यार्थ्यांनी निवडून दिलेले दोन-तीन सदस्य घ्यावेत, एखाद्या अध्यापकाचा राजीनामा वादातून आला तर त्याची कारणं ठरावीक मुदतीत लेखी जाहीर करावीत, आणि ठरावीक सह्यांच्या निवेदनाला उत्तर देणं नियमाने बंधनकारक करावं. यातल्या कुठल्याही गोष्टीसाठी नवा कायदा लागत नाही. संस्थापकांनी मनावर घेतलं तर नियामक मंडळाच्या पुढच्या बैठकीत त्याची सुरुवात होऊ शकते.