बस विकायची की किलोमीटर?

नागपूर-रायपूर महामार्गावर, लाखनी तालुक्यातल्या गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना उभा राहिला तो 1982 साली. उघड्या चेसिसच्या रांगा या रस्त्याने भंडारेकरांनी कितीदा पाहिल्या असतील! ना टप, ना काच. चाकांवरचा नुसता सांगाडा आणि तोंडाला दुपट्टा बांधलेला चालक. चेसिस गिऱ्हाइकाच्या हवाली झाली की कंपनीचे काम बहुतांशी संपे. तिथून पुढे सगळे एसटीकडे. महामंडळ दापोडी, चिकलठाणा आणि हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळांत चेसिसवर बॉडी बांधी आणि आगारातले मेकॅनिक ती बस वर्षानुवर्षे चालती ठेवत.

विजेवरच्या बसने हा व्यवहार बदलला. बॅटरीमुळे बसची किंमत एवढी चढते की तोट्यातल्या परिवहन संस्थेला ती एकरकमी घेणे जड जाते. म्हणून संस्था बसऐवजी किलोमीटर विकत घेते. बस, बॅटरी, चालक आणि दुरुस्ती कंत्राटदार कंपनीची. मार्ग आणि तिकिटाचे उत्पन्न संस्थेचे. धावलेल्या दर किलोमीटरला ठरलेला दर, बस बंद पडली तर दंड. मुंबईत फेब्रुवारी 2023 मध्ये बेस्टची वातानुकूलित दुमजली ई-बस याच भाडेपद्धतीने सुरू झाली. ती बनवणारी स्विच मोबिलिटी ही अशोक लेलँडचीच उपकंपनी.

विमानउद्योगात ही रीत 1962 पासून आहे. ब्रिस्टल सिडले या ब्रिटिश कंपनीने वायपर इंजिनाच्या देखभालीचे पैसे उड्डाणाच्या तासांवर घ्यायला सुरुवात केली आणि पुढे रोल्स-रॉइसने तीच पद्धत मोठी केली. कारखानदारीच्या या वळणावर सँड्रा व्हँडरमर्व्ह आणि हुआन राडा यांनी 1988 मध्ये लिहिलेला लेख आजही अभ्यासकांचा आधार आहे.

भंडाऱ्याला मात्र याचा अनुभव राईस मिलमध्ये येतो. हमीभावाने खरेदी केलेला धान शासन मिलकडे भरडाईला देते. धान शासनाचा, तांदूळही शासनाचा. साध्या तांदळासाठी क्विंटलमागे 67 किलो उतारा मिलने द्यायचाच. केंद्राचा मूळ भरडाई दर क्विंटलला अवघा 10 रुपये. कोंडा, तूस मिलकडे राहतात, राज्य वर काही रक्कम देते. तरीही दर परवडत नाही म्हणून मिलर्सनी धान उचलणे थांबवले की गोदामे तुंबतात, खरेदी केंद्रे अडतात आणि शेतकऱ्याचा धान उघड्यावर पडतो. दराची ओढाताण होते शासन आणि मिलर्समध्ये, भोगतो मात्र त्या करारात कुठेच नसलेला शेतकरी.

बसच्या किलोमीटरचेही तेच होते. दर कमी ठरला की काटछाट आधी पगारात होते. ऑगस्ट 2023 मध्ये बेस्टच्या भाडेतत्त्वावरील बसचे कंत्राटी चालक वेतनासाठी संपावर गेले आणि मुंबईकर थांब्यांवर ताटकळले. बस कोणाची, हा प्रश्न त्या थांब्यावरच्या प्रवाशाला पडत नाही. त्याची तक्रार बेस्टकडेच जाते. माझ्या मते चालकाचे वेतन निविदेच्या दरात वेगळे धरून ते गोठवले पाहिजे. कमी दराची चढाओढ त्याच्या ताटावर चालता कामा नये.

गडेगावची काळजी याहून वेगळी आहे. गिअरबॉक्स ही या कारखान्याची मुख्य ओळख, आणि बहुतेक ई-बसना अनेक गिअरची पेटी लागतच नाही. उद्याच लगेच संकट येईल असे नाही. सप्टेंबर 2024 मध्ये एसटीने अशोक लेलँडला 2,104 डिझेल बसची, 981.45 कोटी रुपयांची ऑर्डर दिली. म्हणजे थेट खरेदी अजून संपलेली नाही. मात्र या बस बांधूनच येतात, चेसिसवर बॉडी चढवण्याचे काम एसटीच्या कार्यशाळेकडे येत नाही.

विक्री मागे पडून सेवा पुढे आली, की रोजगार कारखान्याच्या फाटकातून डेपोच्या चार्जिंग शेडकडे सरकतो. बॅटरी, मोटर, इन्व्हर्टर यांची दुरुस्ती येणारी माणसे तिथे लागतील. ती कंपनीने बाहेरून आणायची, की एसटीच्या मेकॅनिकांना आणि भंडाऱ्याच्या आयटीआयतल्या मुलांना शिकवून तयार करायची, हे करारावर सही होण्याआधीच ठरायला हवे.