लिटरलला कर्ता होता येत नाही

ग्रंथालयाच्या संगणकावर ‘खानोलकर’ असा शोध दिला तेव्हा ‘कोंडुरा’ सापडली, ‘एक शून्य बाजीराव’ सापडलं. ‘जोगवा’ आणि ‘दिवेलागण’ मात्र नाहीत. दोन्ही कवितासंग्रह माझ्यापासून दोन कपाटं पलीकडे होते. त्यांच्यावर नाव होतं आरती प्रभू. दोन्ही नावं एकाच माणसाची, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. संगणकाला ते कुणी सांगितलंच नव्हतं. वरच्या मजल्यावर ते काम सुरू झालंय असं कळलं, आणि मी जिना चढले.

वर कार्डांचे लाकडी खण, डांबरगोळ्यांचा वास, आणि खिडकीशी लॅपटॉप घेऊन बसलेली एक तरुण प्रोग्रामर. शेजारी निवृत्त ग्रंथपाल, तिचे ‘काका’. कार्डांवरचा मजकूर तक्त्यात भरून झालाय. तो आता पायथनमधून आरडीएफमध्ये न्यायचा आहे. शंका आली की काका खण ओढून मूळ कार्ड काढतात, आणि तो वास पुन्हा खोलीभर पसरतो.

“एका खानोलकरांची सात रूपं निघाली,” ती म्हणाली. चिं. त्र्यं. खानोलकर, तेच, मधे जागा न सोडता, आडनाव आधी, ‘चिं’वरचा अनुस्वार गळालेलं, चिंतामणी त्र्यंबक असं पूर्ण, आरती प्रभू, आणि प्रभू, आरती. सात.

आरडीएफमध्ये प्रत्येक माहिती तीन पदांच्या वाक्यात बसवतात: कर्ता, संबंध, कर्म. कर्माच्या जागी रिसोर्स येऊ शकतो, म्हणजे ज्याला सहसा स्वतःचा पत्ता असतो असं काही. किंवा लिटरल, म्हणजे नुसती अक्षरं वा आकडा, सोबत त्याचा प्रकार किंवा भाषेची खूण. कोडमध्ये हा फरक एका शब्दाचा, यूआरआयरेफ की लिटरल. पण दोन लिटरल अक्षरन् अक्षर जुळली तरच ती एक. एक टिंब हललं तरी वेगळी. अक्षरं तीच असली आणि एकावर मराठीची खूण, दुसऱ्यावर नाही, तरीही वेगळी. म्हणून सात.

घाई असली की सगळंच लिटरल करून टाकतात. डब्लिन कोअर म्हणजे अशा संबंधांची प्रमाण यादी; तिच्या जुन्या संचातला ‘क्रिएटर’, म्हणजे निर्माता, ते चालवूनही घेतो. नव्या संचात मात्र तिथे व्यक्तीचा किंवा संस्थेचा पत्ता द्यावा अशी शिफारस आहे, नुसतं नाव नाइलाज असेल तेव्हाच. ही मुलगी घाई करत नाही. प्रत्येक नव्या रकान्यापाशी तिचा हात कीबोर्डवर थबकतो आणि ती विचारते, “काका, ह्याच्याबद्दल पुढे काही बोलायचंय का आपल्याला?” मी दिवसभर त्या थबकण्याकडेच पाहत होते. पानं, किंमत: नाही, लिटरल. लेखक: हो. “लिटरलला कर्ता होता येत नाही ना,” ती म्हणाली. ‘नक्षत्रांचे देणे’ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला १९७८ साली, खानोलकर गेले १९७६ला. तो पुरस्कार त्यांच्या माघारी आला हे संगणकाला कळायचं, तर मृत्यूचं साल कुणाला तरी जोडायला हवं. ‘आरती प्रभू’ या नुसत्या अक्षरांना ते जोडता येत नाही.

प्रकाशनवर्षाला सर्वांत जास्त वेळ गेला. काकांच्या हातातल्या कार्डावर शके १८२०. वर्षाचा जो प्रमाण प्रकार आहे तो ‘शके’ स्वीकारत नाही, देवनागरी आकडेही नाही, इंग्रजीच हवेत. शिवाय शके १८२० म्हणजे १८९८च्या चैत्रापासून १८९९च्या फाल्गुनापर्यंत. एकच साल लिहिणं खोटं ठरलं असतं. तिने छापलेले शब्द लिटरल म्हणून जसेच्या तसे ठेवले आणि शेजारी दोन्ही सालं लिहिली, अलीकडचं आणि पलीकडचं.

दुपारी काकांनी तिला अडवलं. “अगं, सगळ्यांना एकाच पत्त्यावर धाडलंस, तर पुस्तकावर काय छापलं होतं ते कुठे राहणार?” ती गप्प झाली. मग मुखपृष्ठावरच्या नावासाठी तिने वेगळं लिटरल जोडलं. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटला. सात रूपं म्हणजे नुसता पसारा, असं मीही धरून चालले होते. पण त्यातलं ‘आरती प्रभू’ हे कुणा कारकुनाच्या हातून घडलेलं नाही. ते त्या माणसाने कवितेसाठी स्वतः वापरलं होतं. आता पत्ता एक, आणि पुस्तकावरचं नाव पुस्तकापाशी. खाली जाऊन मी पुन्हा ‘खानोलकर’ शोधणार होते, पण तिने तिथेच करून दाखवलं. ‘जोगवा’ आलं.

निघता निघता काकांनी एक पिवळं कार्ड पुढे केलं. लेखकाच्या जागी फक्त ‘एक स्त्री’.

“हे लिटरलच ठेवायचं का?” मी विचारलं. नाव नाही, साल नाही, गाव नाही. रिसोर्स केला तरी बिनपत्त्याचा, ब्लँक नोड, एवढाच होईल असं मला वाटलं.

तिचा हात थबकला. “ब्लँक नोडकडे बाहेरून कुणाला बोट दाखवता येत नाही,” ती म्हणाली. “उद्या कुणाला ही बाई सापडली, तर तिची माहिती जोडणार कुठे?” तिने नवा पत्ता तयार केला. त्याखाली दोनच ओळी: हिने हे पुस्तक लिहिलं, आणि छापलेले ते दोन शब्द, मराठीची खूण लावून.

काकांनी कार्ड जागच्या जागी लावलं आणि खण आत लोटला.