संकासुराची टोपी घरी शिवताना

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शिमग्याला मुंबईहून म्हसळ्याला आलेला माझा भाचा हटून बसला, ‘मामा, मला ड्रॅगन कर.’ मी म्हटलं, ‘अरे, चिनी ड्रॅगन पाण्याचा, तसा आपला संकासुरही पाण्यातलाच. तोच होऊ या.’

रायगड-रत्नागिरीकडच्या मंडळींना संकासूर सांगायला नको. काळा अंगरखा, काळी विजार, तोंड झाकणारी उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरांचा पट्टा. वेद पळवून समुद्रात दडलेला हा शंखासुर. मत्स्यावतार घेऊन विष्णूने ते वेद सोडवून आणले, अशी कथा आहे. तळकोकणच्या दशावतारात तो रंगमंचावर येतो, तर आमच्याकडे शिमग्याच्या खेळ्यांबरोबर दारोदार. पोरं त्याला चिडवतात, तो धावला की किंचाळत पळतात.

मी मोठ्या हौसेने शिवायला बसलो. कापड घेतलं चकचकीत, अस्तराचं. डोळ्यांची भोकं पाडली माझ्या डोक्याच्या मापाने. भर दुपारी भाचा घुंगरं वाजवत निघाला. दहा पावलांवर टोपी फिरली, डोळ्यांची भोकं कानावर गेली आणि पोर गडग्यावर आपटलं. टोपी काढायला गेलो, तर गळ्याशी निरगाठ! कात्री आणेपर्यंत पोराचा जीव घाबराघुबरा झाला. गुडघा फुटला, त्यापेक्षा ती दोन मिनिटं मला जास्त लागली. तेव्हा एक गोष्ट पक्की कळली. सोंग बघणाऱ्यांसाठी असतं, पण शिवायचं असतं ते आतल्या माणसासाठी.

आता कृती सांगतो. कापड सुती घ्यावं, जुनं धुतलेलं असेल तर उत्तम. ते घाम टिपतं. कृत्रिम कापड अंगाला चिकटतं आणि ठिणगी पडली तर वितळून कातडीला डसतं. अर्थात सुती कापडही पेट घेतंच, आणि दाढीचा ताग किंवा वाख तर भुरकन जळतो. म्हणून हे सोंग घालून होळीच्या आणि फटाक्यांच्या जवळ जायचं नाही, हा पहिला नियम.

टोपीसाठी ज्याला सोंग घ्यायचं आहे, त्याच्याच डोक्याचा घेर कानाच्या वरून मोजावा. समजा, ५४ सेंटिमीटर भरला. आतल्या पट्टीसाठी ४ वाढवून ५८ धरा. मुलाला ४५ सेंटिमीटर उंची पुरे. त्याहून उंच टोपी वाऱ्याने कलते. दोरीचं एक टोक कापडावर दाबून धरा, ४५ सेंटिमीटरवर खडू बांधा आणि कंस ओढा. त्या कंसावर टेपने ५८ मोजा आणि त्याची दोन्ही टोकं मध्यबिंदूला जोडा. शिलाईसाठी दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर सोडून कापा. याच मापाचा पातळ पुठ्ठा गुंडाळून आत बसवा. शेंड्याला जड गोंडा लावू नका. कपाळाला टेकते तिथे जुन्या टॉवेलची पट्टी शिवा. घाम डोळ्यांत उतरत नाही आणि टोपी फिरत नाही. टोपीच्या खालच्या कडेला खांद्यापर्यंत येणारा सैल झोळ जोडा. तोच चेहरा.

डोळ्यांची जागा टोपी घालूनच ठरवावी. कापडावरून खडूने खूण करा, टोपी उतरवा आणि मगच कात्री हातात घ्या. भोकं चांगली ४-५ सेंटिमीटरची ठेवा आणि आतून काळी जाळी लावा. आत काळोख आणि बाहेर ऊन असल्यामुळे आतल्याला बाहेरचं दिसतं, बाहेरच्याला डोळे दिसत नाहीत. दिवेलागणीनंतर मात्र जाळीतून अंधुक दिसतं. म्हणून ती कच्ची टाचावी, ओढली की निघेल अशी. भोकांभोवती पांढरी गोल पट्टी लावली की बटबटीत डोळे तयार. तोंडाशी आडवी चीर ठेवून वर लाल कापडाची जीभ लोंबकळत सोडा. लोकांना जीभ दिसते, आतल्याला वारा मिळतो. चिनी सिंहनृत्यातही पुढचा नाचणारा सिंहाच्या तोंडातूनच बाहेर बघतो. सोंग कुठलंही असो, अडचण तीच.

हनुवटीखाली बंद बांधायचा तो सुरगाठीने, एका हिसक्यात सुटेल असा. घुंगरांच्या पट्ट्याचा उपयोग केवळ नादापुरता नाही. लहानग्यांना संकासूर येतोय हे आधी कळतं आणि पळायला वेळ मिळतो.

शेवटी परीक्षा. टोपी घालून मुलाला उंबरठा ओलांडायला लावा, पायऱ्या उतरायला लावा, बाजूला उभं राहून बोटं दाखवा आणि किती ते विचारा. बंद त्याच्याच हाताने सोडवून घ्या. फाल्गुनातल्या उन्हात काळं कापड तापतं, तेव्हा दर पंधरा मिनिटांनी टोपी काढून पाणी प्यायचं, हे आधीच कबूल करून घ्या.

पुढच्या शिमग्याला अशी टोपी घालून भाचा अख्खी वाडी फिरला. आजीसमोर उडी मारून ओरडला, तशी ती ‘अगो बाई!’ म्हणून मागे सरली. आपल्याला कुणी ओळखलं नाही, या आनंदात तो पुढे पळाला. आजीने त्याला चालीवरूनच ओळखलं होतं. घाबरल्याचं सोंग तिनेही झकास वठवलं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)