विम्याचा हप्ता आणि विम्याची किंमत

बाजारात कापसाचा धागा ओढून पाहणारा आपला माणूस आरोग्याचा विमा घेताना मात्र हप्ता तेवढा विचारतो. हप्ता ही विम्याची पुरी किंमत नव्हे. आजारपणात खिशातून जे जाते तेही तीत धरले पाहिजे.

आपल्यापुढे तीन वाटा आहेत. पहिली कामगार राज्य विम्याची. १९४८ च्या कायद्यातून ती निघाली व १९५२ साली कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाली. २०१९ साली ठरलेल्या दराने २०,००० रुपये पगारावर कामगाराचे १५० आणि मालकाचे ६५० रुपये जातात. त्यात कुटुंबाला औषधोपचार मिळतो आणि कामगाराला आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते. इतक्या पैशांत एवढे देणारी दुसरी वाट मला ठाऊक नाही. परंतु हंगामी कारखाने या कायद्याने वगळले, आणि त्यांच्या व्याख्येत सरकी काढणे व गाठी दाबणे ही कामे नावानिशी घातली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तेच कायम ठेवले. आपल्या जिल्ह्यातील जिनिंगचा कामगार असा दाराबाहेर राहिला.

दुसरी वाट महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची. २०२४ पासून तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये झाली. कुटुंबाला हप्ता नाही. पण उपचार यादीतला हवा आणि इस्पितळ योजनेतले हवे. मधुमेहाची रोजची गोळी व बुडालेली मजुरी तीत येत नाही.

तिसरी वाट विकतच्या पॉलिसीची. समजा, खोलीभाड्याची मर्यादा रोजी ३,००० आहे आणि आपण ६,००० ची खोली चार दिवस घेतली. अनेक पॉलिसींत मग डॉक्टरांची व शस्त्रक्रियेची फीही त्याच प्रमाणात कापली जाते. खोली २४,०००, फी ६०,००० आणि औषधे १६,००० असे एक लाखाचे बिल झाले, तर कंपनी १२, ३० व १६ मिळून ५८ हजार देईल. उरलेले ४२ हजार आपले! म्हणून सही करण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: खोलीची मर्यादा किती, बिलात आपला वाटा किती, आणि जुन्या आजारासाठी किती वर्षे थांबावे लागेल. कागद हाती आल्यावर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. तेवढ्यात तो वाचून घ्यावा.

एकट्याने करावयाचा हिशेब इथे संपतो. जिनिंगच्या कामगाराला पहिली वाट मोकळी करून घेणे हे काम मात्र सर्वांनी मिळून करावयाचे आहे. कारखान्याला हंगाम असतो, आजाराला नसतो.